न पाहिलेल्या माणसाचे रंग

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना लागणारे मोहाडी दोन गोष्टींसाठी ओळखले जाते: चौंडेश्वरी देवीचे देऊळ आणि हातमाग. या दोन गोष्टी एकाच गावात असाव्यात यात एक जुनी संगती आहे. देवांग कोष्ट्यांची कुलस्वामिनी चौंडेश्वरी, आणि त्यांच्यात तिची एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. देव आणि माणसे उघडीच होती. त्यांच्यासाठी वस्त्र विणायला देवल ऋषी निघाले आणि विष्णूच्या नाभिकमळातून त्यांनी तंतू मिळवला. परतीच्या वाटेवर तो हिसकावून घ्यायला दैत्य आडवे आले. तेव्हा चौंडेश्वरी प्रकट झाली आणि तिने त्यांना मारले. त्या दैत्यांचे रक्त वेगवेगळ्या रंगांचे होते. ऋषींनी त्या रक्तात सूत बुडवले, आणि जगात काळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा असे पाच रंग आले.

विदर्भातल्या विणकरांच्या शाखा अनेक, त्यांच्या परंपराही वेगवेगळ्या. तरी ही कथा साऱ्यांनी ऐकावी अशी आहे, कारण तिच्यात रंग फुकट आलेला नाही. तो मिळवताना कुणाचे तरी रक्त सांडले आहे. रंग लावणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, त्याचा हिशेब कुठेतरी ठेवला जातो, अशी जाणीव या कथेच्या पोटात आहे. युरोपातल्या वेशभूषेच्या जुन्या छापचित्रांकडे आणि ती हाताने रंगवण्याच्या कलेकडे पाहताना हीच जाणीव सोबत असावी. तिथे प्रश्न असा उभा राहतो: ज्या माणसाला आपण कधी पाहिले नाही, त्याच्या अंगावर रंग चढवण्याचा अधिकार कुणाला आहे? आणि त्या अधिकाराबरोबर कोणता धर्म येतो?

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात वेशभूषेच्या पुस्तकांची लाट आली. 1562 साली पॅरिसमध्ये फ्रांस्वा देप्रेचे पुस्तक निघाले. 1577 मध्ये कोलोनला आब्राहाम द ब्रॉयनच्या ताम्रपटांचा संग्रह आणि न्युरेंबर्गला हान्स वायगेलचे पुस्तक आले, आणि 1590 मध्ये व्हेनिसला चेझारे वेचेल्लिओचे. वेचेल्लिओ हा थोर चित्रकार तिशियनचा नातेवाईक. त्याच्या पुस्तकात चारशेच्या वर पोशाख होते. 1598 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते पाचशेच्या वर गेले आणि अमेरिकेतली माणसेही त्यात आली. पान उघडावे आणि तुर्कस्तानची स्त्री, पोलंडचा सरदार, व्हेनिसची विधवा, आफ्रिकेचा योद्धा एकेका पानावर उभे दिसावेत. जग घरबसल्या पाहण्याची ही सोय होती.

या पुस्तकांमागे एक श्रद्धा होती: वस्त्र ओळखले की माणूस ओळखला. कुठल्या देशाचा, कुठल्या दर्जाचा, लग्न झालेली की विधवा, पापभीरू की उनाड, सारे कापडावरून कळते. त्या काळच्या युरोपात कुणी कोणते कापड घालावे याचे कायदे होते. त्यामुळे ही समजूत अगदीच वेडगळ नव्हती. आपल्याकडेही पदर, कासोटा, पागोटे यांवरून जात आणि गाव ओळखले जाईच. पण या श्रद्धेचा कमकुवत सांधा देप्रेच्या पुस्तकातच दिसतो. तिथे खऱ्या देशांच्या खऱ्या लोकांबरोबर समुद्रातला बिशप आहे आणि एकडोळ्या राक्षसही आहे. जे कधी अस्तित्वातच नव्हते त्यांनाही त्याच गांभीर्याने, तशाच चौकटीत उभे केले आहे. पान उलटणाऱ्याला खरा माणूस आणि काल्पनिक प्राणी यांतला फरक कळायला काही साधन नाही. दोघेही सारखेच नीट रेखाटलेले.

मराठी मुलखाचा या गोष्टीशी थेट संबंध येतो तो गोव्यात. यान हॉयखेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण 1583 च्या सप्टेंबरात नवे आर्चबिशप व्हिसेंत द फोन्सेका यांच्या पदरी कारकून म्हणून गोव्यात उतरला आणि पाच वर्षे तिथे राहिला. बाजार, लग्ने, वरात, पालख्या, शेतकरी, ब्राह्मण, गुजराती वाणी, पोर्तुगीज फिदाल्गो म्हणजे सरदार, साऱ्यांची त्याने टिपणे आणि रेखाटने केली. मायदेशी परतल्यावर 1596 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लासने त्याचे पुस्तक छापले. ‘इटिनेरारिओ’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांनी जपलेले समुद्रमार्ग त्याने उघड केले म्हणून इतिहासकार त्याला मानतात. चित्रांसाठी मात्र त्याचे महत्त्व वेगळे आहे. गोव्यातले लोक ताम्रपटावर कोरून इतक्या विस्ताराने छापले गेले ते इथेच. एका पटावर घाटावरचा शिपाई आहे आणि शेजारी नाचणारी स्त्री. पोर्तुगीज ज्याला बालागाट म्हणत तो घाटमाथ्यापलीकडचा आदिलशाही मुलूख, म्हणजे बराचसा आपलाच देश. आदिलशहाचा वकीलही गोव्याच्या रस्त्यावर दिसतो.

पुस्तकाच्या नावाच्या पानावर तिथल्या पोर्तुगिजांच्या आणि देशी लोकांच्या पेहरावाची, रूपाची, देवळांची आणि मूर्तींची हुबेहूब चित्रे आत आहेत असे जाहीर केले आहे. हा दावा मनात ठेवला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. लिन्सखोतेनने माणसे डोळ्यांनी पाहिली होती, हे खरे. पण ताम्रपट कोरले ते यॉन आणि बाप्तिस्ता व्हान दोएतेकम या कारागिरांनी. त्यांनी गोवा पाहिला नव्हता. त्यांचा हात ज्या आकृत्यांवर बसलेला होता त्यांचेच दंड आणि पोटऱ्या त्यांनी कोकणी शेतकऱ्याला दिल्या. त्यामुळे भाताच्या चिखलात राबणारा माणूस ग्रीक पुतळ्यासारखा उभा राहिला.

आणि मग तिसरा हात आला, रंगाऱ्याचा.

छापील पट काळ्या शाईत निघे. ज्याला ऐपत असेल तो ग्राहक तो रंगवून घेई. हा स्वतंत्र धंदा होता. डिंकात खललेले पातळ रंग कुंचल्याने रेघांच्या मधोमध भरायचे, रेघ बुडू द्यायची नाही, शिंपल्यातले सोने लावायचे तर शेवटी. अँटवर्पचा मोठा मुद्रक क्रिस्तोफ प्लांतिन याच्या जमाखर्चात अशा रंगाऱ्यांना दिलेले पैसे नोंदलेले आहेत. त्यांत मिन्कन लीफरिंक नावाची एक स्त्रीही आहे. पुस्तकावर कोरणाऱ्याचे नाव येई, छापणाऱ्याचे येई. रंग भरणाऱ्याचे जवळजवळ कधीच येत नसे. मिन्कनचे नाव उरले ते हिशेबाच्या वहीमुळे.

आता त्या रंगाऱ्याच्या जागी बसून पाहावे. समोर कोकणातली एक बाई आहे. तिच्या अंगावरचे लुगडे रेघांनी दाखवले आहे. ते कोणत्या रंगाचे? कोरणाऱ्याला ठाऊक नाही. रेखाटणाऱ्याने कदाचित सांगितले असेल, कदाचित नसेल. रंगारी तांबडा उचलतो. शेजारच्या गल्लीतला दुसरा रंगारी त्याच पटाच्या दुसऱ्या प्रतीवर निळा उचलतो. म्हणूनच एका ठशाच्या दोन रंगवलेल्या प्रती सहसा सारख्या नसतात. विशेष म्हणजे तो निळा रंग हिंदुस्थानातून जहाजाने आलेल्या निळीचा असण्याचाही संभव. आपल्या शेतातली नीळ आपल्याच बाईच्या चित्रापर्यंत हजारो कोस फिरून पोहोचली असेल, पण ती बाई खरोखर काय नेसली होती ही बातमी मात्र तिच्याबरोबर गेली नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढे काय त्यात? रंग चुकला म्हणून कुणाचे काय बिघडले? लुगडे तांबडे असो की निळे, बाई तीच.

हा आक्षेप रंगापुरता मान्य करता येईल. पण लिन्सखोतेनच्याच पुस्तकात देवळाचाही पट आहे. त्यात रस्त्याकडेच्या मूर्तीचे जे चित्र आहे ते गोव्यातल्या कुठल्याही देवतेचे नाही. ते शिंगे, पंजे आणि पोटावर आणखी एक तोंड असलेल्या भुताचे आहे. ही प्रतिमा आली कुठून? 1510 मध्ये लुदोव्हिको दि वार्थेमा या प्रवाशाने कालिकतच्या देवळाचे जे वर्णन छापले त्यात मुकुट घातलेला, माणसे खाणारा सैतान होता. 1515 च्या जर्मन आवृत्तीत यॉर्ग ब्रॉय या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. ब्रॉयने देऊळ पाहिले नव्हते. त्याने आपल्या चर्चमध्ये पाहिलेला नरकातला सैतान काढला. पुढची पाऊणशे-शंभर वर्षे एकाने दुसऱ्याचे, दुसऱ्याने तिसऱ्याचे पाहून तेच गिरवले. कलेचे इतिहासकार पार्थ मित्तर यांनी 1977 साली या साऱ्या परंपरेचा कसून अभ्यास केला. युरोपीय नजरेने हिंदू देवतांना राक्षस कसे बनवले, हे त्यांच्या ग्रंथात पायरीपायरीने उलगडले आहे. न पाहता रंगवणे लुगड्याच्या बाबतीत निरुपद्रवी वाटते. तीच सवय देवाच्या बाबतीत आली की तिचा परिणाम काय होतो, हे इथे दिसते. माणसाचा पोशाख आणि माणसाचा देव एकाच पुस्तकात, एकाच हातांनी, एकाच हुबेहूबपणाच्या दाव्याखाली छापले गेले होते.

आणि हा परिणाम कागदावर थांबला नाही. 14 एप्रिल 1736 रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढले. देशी ख्रिस्त्यांनी सोडून द्यायच्या चालीरीतींची त्यात लांबलचक यादी होती. पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये आणि बायकांनी चोळी घालू नये, हेही त्या यादीत होते. धर्म बदलला तर अंगावरचे कापडही बदलले पाहिजे, नाहीतर बदल खरा नव्हे, अशी ही समजूत. वेशभूषेची पुस्तके आणि हे फर्मान यांच्यात दीडशे वर्षांचे अंतर आहे. पुस्तकामुळे फर्मान निघाले असे म्हणणे चूक ठरेल. पण दोन्ही एकाच श्रद्धेवर उभे आहेत: वस्त्र म्हणजेच माणूस. ती श्रद्धा पुस्तकात असते तोवर कुतूहल असते. सत्तेच्या हातात गेली की तीच धोतर फेडायला लावते.

ख्रिस्ती धर्मातच याला उत्तरही दिले गेले होते, हे विसरू नये. रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट पाद्री 1606 मध्ये मदुरैला आला. त्याने संन्याशाचे वस्त्र घेतले. ख्रिस्ताला मानायला तमिळ माणसाने आपला वेश टाकण्याची गरज नाही, जानवे आणि शेंडी या सामाजिक खुणा आहेत, असा त्याचा पक्ष. गोव्यात त्यावर मोठे वादळ उठले. शेवटी 1623 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी काही अटींवर त्याच्या बाजूने निर्णय दिला. 1616 मध्ये प्रसिद्ध झालेले क्रिस्तपुराण लिहिणारे थॉमस स्टीफन्स याच काळात गोव्यातल्या साष्टीत मराठी ओवीला ख्रिस्तकथा सांगायला लावत होते. म्हणजे 1736 चे फर्मान हा त्या धर्माचा एकमेव आवाज नव्हता. त्या फर्मानाच्या शंभरावर वर्षे आधी त्याच गोव्यात माणूस आणि वस्त्र यांना वेगळे पाहणारी माणसे होती.

आपल्या परंपरेचे म्हणणे काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला विचार बहुतेक मराठी घरांना ठाऊक आहे: जुनी वस्त्रे टाकून माणूस नवी घेतो, तसा देही देह बदलतो. इथे देहच वस्त्र झाला. मग अंगावरच्या कापडाची काय कथा? महानुभाव पंथाने तर ही कल्पना आपल्या मूळ चरित्रातच गोवली. द्वारावतीचे चांगदेव राऊळ यांनी आपला देह ठेवला आणि भडोचचा राजपुत्र हरिपाळ याच्या निष्प्राण देहात प्रवेश केला, तेच श्रीचक्रधर, असे परंपरा सांगते. त्यांच्या आरंभीच्या शिष्यांत नीळभट्ट भांडारेकार हे नाव येते, ते या भंडाऱ्याचे. म्हणजे देहही पांघरता-उतरवता येतो हा विचार मोहाडीच्या आसपास सातशे वर्षांपासून मुरलेला आहे.

आणि तरीही त्याच महानुभावांनी श्रीचक्रधरांचा स्पर्श झालेल्या वस्तू, त्यांनी वापरलेल्या वस्त्रांचे तुकडे जिवापाड जपले. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या पंथाने कापडाच्या चिंधीला वंदन केले. हा विरोधाभास वाटतो, पण तसा तो नाही. त्या चिंधीला वंदन करणारा असे म्हणत नव्हता, की चक्रधर म्हणजे हे कापड. तो म्हणत होता, की या कापडाला एका विशिष्ट माणसाचा सहवास लाभला. वस्त्र माणसाचा प्रकार सांगत नाही. ते एका नाव असलेल्या माणसाकडे बोट दाखवते. वेशभूषेच्या पुस्तकात याच्या बरोबर उलट घडते. तिथे माणसाचे नाव पुसले जाते आणि कापड उरते. ‘कोकणी शेतकरीण’, ‘घाटावरचा शिपाई’. त्या शेतकरणीला नाव होते. लिन्सखोतेनला ते कदाचित ठाऊकही असेल. पुस्तकाला त्याची गरज नव्हती.

इथे आणखी एक अडचण पुढे येते आणि ती टाळून चालणार नाही. न पाहिलेल्याला रंग देणे हा दोष म्हणावा, तर देवाचे काय? चौंडेश्वरीला कुणी पाहिले आहे? लक्ष्मीच्या शालूचा रंग कुणाला ठाऊक आहे? राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पोहोचवल्या. त्या देवींची साडी त्यांच्या काळातल्या बायकांची होती. त्याआधी पुण्यात 1878 साली निघालेल्या चित्रशाळेनेही देवदेवतांची रंगीत चित्रे घराघरांत नेली होती. घरी आणलेल्या छापील चित्रावर बायका खरे कापड चिकटवीत, जरी आणि टिकल्या लावीत, देवीला अक्षरशः नेसवीत. ही तर न पाहिलेल्यावर रंग आणि वस्त्र चढवण्याची पराकाष्ठा. मग अॅम्स्टरडॅमच्या रंगाऱ्याला दोष द्यायचा आणि या आजीबाईंना नमस्कार करायचा, हा कुठला न्याय?

न्याय आहे, आणि तो हेतूत आहे. रंगवण्याच्या दोन रीती आहेत: एक अर्पण, दुसरी साक्ष. टिकली लावणारी बाई देवीला काही देते आहे. देवी अशीच दिसते असा तिचा दावा नाही. उद्या ती हिरवे कापड चिकटवील, शेजारीण पिवळे, आणि दोघींचे भांडण होणार नाही. पंढरपूरला विठ्ठलाचा पोशाख रोज बदलतो. कोल्हापूरच्या अंबाबाईला नेसवलेल्या साड्या पुढे प्रसाद म्हणून भक्तांकडे जातात. वस्त्र तिथे देवाला बांधून ठेवत नाही. ते देवाकडून माणसाकडे येते, कुणाच्या तरी अंगावर जाते, झिजते. साक्ष मात्र वेगळी गोष्ट. ‘हे लोक असे दिसतात’ असे जो म्हणतो त्याने पाहिलेले असले पाहिजे. निदान कुठे पाहणे संपले आणि कुठे कल्पना सुरू झाली, हे तरी सांगितले पाहिजे. जुन्या वेशपटांचा दोष कल्पनेचा नाही. कल्पनेला साक्ष म्हणून विकण्याचा आहे.

ही कसोटी लावली की उलट्या दिशेने झालेल्या नकला किती स्वच्छ आहेत हे लक्षात येते. गोव्याहून निघालेले जेझुइट 1580 मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे पोहोचले. रोदोल्फो अक्वाविव्हा आणि आंतोनियो मोन्सेरात त्यांत होते. त्यांनी प्लांतिनने छापलेले अनेक भाषांतले बायबल बादशहाला नजर केले. त्या ग्रंथातली आणि सोबतची युरोपीय छापचित्रे दरबारच्या चित्रकारांच्या हाती पडली. केसू दासाने 1588 मध्ये संत मॅथ्यूचे चित्र केले. त्यामागे मार्टेन व्हान हेमस्केर्कच्या रचनेवरून झालेले छापचित्र होते. 1600 मध्ये अबुल हसन या तेरा वर्षांच्या मुलाने आल्ब्रेख्त ड्यूररच्या 1511 च्या ताम्रपटातला संत जॉन उतरवला. दोघांनीही ना युरोप पाहिला होता, ना मॅथ्यू, ना जॉन. कापडाच्या त्या युरोपीय घड्या त्यांना अनोळखी होत्या. पण अबुल हसनच्या चित्रात त्या झग्याची प्रत्येक चुणी अशी उतरली आहे, की पाहणाऱ्याने थांबावे. आणि कागदावर त्याचे वय व तारीख नोंदलेली आहे. हे एका शिकणाऱ्या मुलाने उतरवले आहे, हे ते चित्र लपवत नाही. तिथे अर्पण आणि अभ्यास आहे. ख्रिस्ती असे असतात, ही साक्ष नाही.

अनोळख्याचे वस्त्र मन लावून उतरवणे ही एक प्रकारची उपासना ठरू शकते. हात जेव्हा दुसऱ्याच्या रेघेमागून हळूहळू जातो तेव्हा स्वतःची सवय बाजूला ठेवावी लागते. खांद्यावरून कापड कसे ओघळते, कंबरेला गाठ कुठे येते, हे त्या माणसाच्या शरीराने ठरवलेले असते. नक्कल करणाऱ्याला ते मानावे लागते. आजही जगभर कित्येक हौशी आणि व्यावसायिक चित्रकार वेचेल्लिओच्या किंवा द ब्रॉयनच्या पटांच्या हाताने रंगवलेल्या प्रती करतात. नाटकाचे वेशकार त्या पाहून कपडे बेततात. या कामाला दुय्यम म्हणून हिणवण्याची रीत आहे आणि ती चुकीची आहे. मूळ कलाकृतीच थोर आणि नक्कल हलकी, ही फूटपट्टी पोथ्या नकलून जगलेल्या मराठी वाङ्मयाने तरी वापरू नये. पोथी उतरवणाऱ्याने शेवटी आपले नाव, शक, तिथी आणि गाव लिहून चुकभूल पदरात घ्यावी अशी विनंती करायची, ही आपली जुनी शिस्त. वेशपट रंगवणाऱ्यालाही तीच शिस्त शोभेल.

साक्ष म्हणूनही वेशचित्र नीट काढता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. कोल्हापुरात 1867 साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तिथेच शिकवू लागले. 1920 मध्ये ऑटो रॉथफेल्डच्या हिंदी स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी त्यांनी 48 चित्रे केली. त्या पुस्तकाची मांडणी अजून जुन्या वेशपुस्तकांचीच: जातीचे किंवा प्रांताचे नाव, आणि एक बाई. ती चौकट धुरंधरांची नव्हती. पण चौकटीतली बाई त्यांची होती. तिच्या पदराचा भार, निऱ्यांचा ताण, पाऊल टाकण्याची ढब पाहिली की या माणसाने बाजारात, घाटावर, देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहून पाहिले आहे याची खात्री पटते. रंग अंदाजाने आलेला नाही. नाव मात्र तिलाही मिळाले नाही, आणि ती उणीव आपण उणीवच मानली पाहिजे. चारच वर्षे आधी, 1916 मध्ये, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचे चार खंड प्रसिद्ध झाले होते. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. कोष्टी तिथे एक प्रकरण म्हणून येतात. अभ्यास म्हणून त्या खंडांचे मोल मोठे, पण ज्याच्या मागावर ते कापड विणले जात होते तो माणूस त्यातही जातीच्या नावामागे लपला आहे.

म्हणून पुन्हा मोहाडीकडे वळणे भाग आहे. या तालुक्यात, विशेषतः आंधळगावसारख्या गावांत, टसरची कोसा साडी आणि करवतकाठी साडी विणली गेली. अंग कोशाचे, काठ सुताचा, आणि काठाच्या कडेला करवतीच्या दातांसारखी नक्षी. अंगाचा आणि काठाचा धागा वेगळा असल्याने तीन धोटे वेगवेगळे फेकावे लागतात आणि दर फेकीला दोन्ही धागे एकमेकांत अडकवावे लागतात. काम हळू चालते. करवतकाठीला आता भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. म्हणजे कायद्याने त्या साडीला गावाचे, मुलखाचे नाव जोडले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा वाढवणारे ढीवर, सूत काढणाऱ्या बाया, माग चालवणारा आणि त्याला हात देणारी, यांची नावे अजूनही साडीबरोबर दुकानापर्यंत पोहोचत नाहीत. प्लांतिनच्या वहीतल्या मिन्कनला जेवढे मिळाले तेवढेही त्यांना मिळत नाही.

आणि आता रंगाऱ्याचे काम यंत्राकडे गेले आहे. आजीचा काळा-पांढरा फोटो फोनमध्ये घालावा आणि क्षणात ती रंगीत व्हावी. यंत्राने आजीला पाहिलेले नाही. तिचे लुगडे हिरवे होते की जांभळे हे त्याला ठाऊक नाही. तेही अॅम्स्टरडॅमच्या रंगाऱ्यासारखे अंदाज करते, आणि तो अंदाज इतका सफाईदार असतो की पुढच्या पिढीला तो साक्ष वाटतो. काही वर्षांनी घरात कुणीच असे उरत नाही, की जे म्हणेल, ‘नाही रे, ते लुगडे असे नव्हते, त्याचा काठ तांबडा होता.’ प्रेमानेच केलेली गोष्ट, पण तिच्यामुळे आजीविषयीची एक खरी गोष्ट कायमची पुसली जाते. फोटो रंगवूच नये असे नाही. देवीच्या चित्राला टिकली लावावी तशा भावाने रंगवावा, आणि ते अर्पण आहे हे लिहून ठेवावे.

तेव्हा विनंती अशी आहे, आणि ती भंडारा जिल्ह्यातल्या घरांना आधी. जुना फोटो रंगवण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला तो दाखवा आणि लुगड्याचा, धोतराच्या काठाचा, पागोट्याचा रंग विचारा. सांगितलेला रंग आणि सांगणाऱ्याचे नाव फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा. जिथे अंदाज केला असेल तिथे ‘अंदाज’ असे लिहा. फोटोतल्या माणसाचे पूर्ण नाव आणि गाव लिहा, ‘कोष्टी बाई’ किंवा ‘शेतकरी’ एवढ्यावर थांबू नका. पेटीत आजीची करवतकाठी असेल तर ती कुणाच्या मागावर झाली हे विचारून घ्या आणि तेही नाव चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवा. जुन्या वेशपटांच्या प्रती रंगवणाऱ्या चित्रकारांनीही आपल्या कामाखाली आपले नाव, मूळ पट कुणाचा, आणि कोणते रंग स्वतःच्या मनाने भरले, या तीन गोष्टी नोंदवाव्यात. हे सांगू शकणारी माणसे ऐंशी-नव्वदीची आहेत. यंदाच्या दिवाळीत सगळे घरी जमतील तेव्हाच हे काम करावे.